मुंगीचे बळ: कथांतील अतिशयोक्ती आणि प्रत्यक्ष विज्ञान (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

मुंगी आपल्या वजनाच्या कितीतरी पट ओझे उचलते, हे आपण लहानपणापासून ऐकत आलेलो असतो. हे विधान खरे आहे, परंतु त्याच्या आधारे कथा, चित्रकथा आणि चित्रपट यांत जे निष्कर्ष काढले जातात त्यांतील बहुतेक चुकीचे आहेत. याविषयी वाचक आणि विशेषतः विद्यार्थी पुन्हा पुन्हा जे प्रश्न विचारतात, त्यांची उत्तरे येथे दिली आहेत.

मुंगी स्वतःच्या वजनाच्या नेमके किती पट वजन उचलते?

याचे एका आकड्यात उत्तर नाही. मुंग्यांच्या १४ हजारांहून अधिक जातींची नोंद झालेली आहे. त्यांतील काही जाती डोळ्यांना जेमतेम दिसतात, तर काहींच्या कामकरी मुंग्या ३ सेंटिमीटरपर्यंत लांब असतात. या सर्वांना एकच पट लावणे म्हणजे उंदराचे आणि हत्तीचे बळ एकाच फूटपट्टीने मोजणे होय. '१० ते ५० पट' असे जे सर्वत्र छापले जाते, त्याकडे ढोबळ पल्ला म्हणूनच पाहावे.

त्याहून मोठा गोंधळ 'उचलणे' या शब्दाचा आहे. दाणा जमिनीपासून वर उचलून तो जबड्यात धरून चालणे, मोठा किडा जमिनीवरून फरफटत नेणे आणि पाय रोवून एखादे वजन नुसते धरून राहणे, ही तीन वेगवेगळी कामे आहेत. बाजारातील हमाल पाठीवर एक पोते वाहतो आणि हातगाडीवर तशीच दहा पोती ओढून नेतो. म्हणून तो दहा पोती 'उचलतो' असे आपण म्हणत नाही. मुंगीच्या बाबतीत मात्र हा भेद सर्रास विसरला जातो, आणि ओढण्याचा किंवा धरून राहण्याचा आकडा उचलण्याच्या नावावर खपवला जातो. पुढील दोन उत्तरांत याची उदाहरणे येतील.

'मुंगी ५,००० पट वजन उचलते' हा आकडा कोठून आला?

अमेरिकेतील ओहायो स्टेट विद्यापीठातील अभियंत्यांनी २०१४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका अभ्यासातून तो आला. अभ्यास चोख होता. चूक झाली ती तो पुढे सांगताना. या संशोधकांना मुंगी किती ओझे वाहते हे मोजायचे नव्हते, तर मुंगीची मान किती ताण सहन करते हे पाहायचे होते. जबड्यात धरलेल्या ओझ्याचा सारा भार डोक्यावरून मानेच्या सांध्यातून धडाकडे आणि तेथून पायांकडे जातो, आणि हा सांधा म्हणजे मऊ पडद्याची एक बारीक नळी असते.

त्यांनी अमेरिकेत आढळणाऱ्या, मातीचे ढिगारे उभारणाऱ्या एका जातीच्या मुंग्या घेतल्या, थंडीने त्यांना बेशुद्ध केले, त्यांचे डोके एका फिरत्या तबकडीला चिकटवले आणि तबकडीचा वेग वाढवत नेला. वेग वाढला तसे धड बाहेरच्या दिशेने खेचले जाऊ लागले. शरीराच्या वजनाच्या सुमारे ३५० पट ताणावर मान लांबू लागली आणि ३,४०० ते ५,००० पट ताणावर ती तुटली. म्हणजे ५,००० हा मान तुटण्याचा आकडा आहे. साखळी अमुक टनांना तुटते याचा अर्थ साखळीला बांधलेला बैल तेवढे टन ओढतो असा होत नाही, हे शेतकऱ्याला वेगळे सांगावे लागणार नाही.

या अभ्यासातील खरे नवल मात्र आकड्यात नव्हते. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकातून पाहिले असता, मऊ पडदा जेथे डोक्याच्या आणि छातीच्या कठीण कवचाला जोडला जातो तेथे बारीक उंचवटे आणि केसांसारख्या रचना दिसल्या. दोन भिन्न पदार्थ जोडताना जोडावरच चीर पडते, हा अभियंत्यांचा नेहमीचा अनुभव आहे. मुंगीच्या मानेत मऊ आणि कठीण यांची सांगड कशी घातली गेली आहे याचा अभ्यास म्हणूनच यंत्रमानव बनवणाऱ्यांना महत्त्वाचा वाटतो.

उलटी लटकून १०० पट वजन धरणाऱ्या मुंगीचे छायाचित्र खरे आहे का?

होय, ते खरे आहे. केंब्रिज विद्यापीठातील एका संशोधकाने टिपलेले हे छायाचित्र २०१० मध्ये जगभर प्रसिद्ध झाले. त्यातील मुंगी काचेसारख्या गुळगुळीत पृष्ठभागावर उलटी उभी असून तिच्या जबड्यात ५०० मिलिग्रॅमचे वजन आहे. ही मुंगी कोकणाला आणि गोव्याला चांगली ओळखीची आहे. आंब्याच्या, काजूच्या झाडांवर पाने शिवून घरटी करणारे तांबडे हुमले ते हेच. फांदीला चुकून हात लागला की ते कसे डसतात हे ज्याने अनुभवले आहे, त्याला त्यांच्या जबड्याच्या पकडीविषयी पुराव्याची गरज नाही.

येथेही मोजले गेले ते धरून राहणे. हुमल्याच्या प्रत्येक पायाच्या टोकाला एक लवचीक गादी असते, तिच्यावर द्रवाचा अतिशय पातळ थर असतो, आणि गरजेप्रमाणे ती गादी पसरते किंवा आवळली जाते. भार वाढला की गाद्यांचा अधिकाधिक भाग पृष्ठभागाला टेकतो. एरवी चालताना मात्र पाय जेमतेम टेकवून लगेच सोडवता येतो. हे १०० पट बळ आधी पकडीचे आणि मग स्नायूंचे आहे.

मुंगीचे स्नायू माणसाच्या स्नायूंपेक्षा वेगळे किंवा अधिक बळकट असतात का?

कथाकारांचा सर्वात मोठा गैरसमज हाच आहे. मुंगीच्या मांसात काही विलक्षण द्रव्य आहे, ते माणसात उतरले की माणूस मोटार उचलील, अशी कल्पना अनेक कथांच्या मुळाशी असते. प्रत्यक्षात स्नायूचा जोर त्याच्या छेदाच्या क्षेत्रफळावर ठरतो, आणि बहुसंख्य प्राण्यांच्या स्नायूंमध्ये तो प्रत्येक चौरस सेंटिमीटरला सुमारे २० ते ३० न्यूटन, म्हणजे ढोबळमानाने दोन-तीन किलो वजन पेलण्याइतका असतो. जबडा मिटणारे काही संथ स्नायू याहून सरस भरतात हे खरे, परंतु शेकडो पटींचा फरक कोठेही नाही.

मग एवढे बळ येते कोठून?

लहानपणातून. हे सुभाषित नाही, साधे अंकगणित आहे, आणि ते एकदा स्वतः करून पाहिल्याशिवाय पटत नाही.

एखादी वस्तू सर्व बाजूंनी दुप्पट केली तर तिची लांबी दुप्पट होते, तिच्या छेदाचे क्षेत्रफळ चौपट होते आणि घनफळ, पर्यायाने वजन, आठपट होते. स्नायूचा आणि हाडाचा जोर क्षेत्रफळाबरोबर वाढतो, पेलायचे ओझे मात्र घनफळाबरोबर. आकार वाढत जातो तसे वजन बळाला मागे टाकते. आकार घटत जातो तसे बळ वजनाला मागे टाकते. गॅलिलिओने १६३८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या अखेरच्या ग्रंथात हे मांडले आणि मोठ्या प्राण्याचे हाड नुसते लांब करून भागत नाही, ते प्रमाणाबाहेर जाड करावे लागते, हे आकृती काढून दाखवले.

आता आपली मुंगी घेऊ. ती ६ मिलिमीटर लांब आहे, तिचे वजन ५ मिलिग्रॅम आहे आणि ती २० पट, म्हणजे १०० मिलिग्रॅम, उचलते असे धरू. तिला ३०० पट लांब केले की ती १.८ मीटरची होईल. तिचे बळ ३०० गुणिले ३००, म्हणजे ९० हजार पट वाढेल; १०० मिलिग्रॅमचे होतील ९ किलो. तिचे वजन मात्र ३०० गुणिले ३०० गुणिले ३००, म्हणजे २ कोटी ७० लाख पट वाढेल. ५ मिलिग्रॅमचे होतील १३५ किलो. माणसाएवढी झालेली ही मुंगी ९ किलोचे ओझे उचलू शकेल, तेही तिला स्वतःचे १३५ किलोंचे शरीर उभे ठेवता आले तर. ते तिला येणार नाही.

'माणसात मुंगीचे बळ असते तर त्याने हत्ती उचलला असता' या वाक्यात २० पटींचा आकडा उचलला जातो आणि आकारमान सोडून दिले जाते. परंतु तो आकडा आकारमानामुळेच मिळालेला असतो.

मग महाकाय मुंग्यांचे चित्रपट सर्वस्वी अशक्य गोष्ट दाखवतात का?

शारीरिकदृष्ट्या होय. यातील सर्वात गाजलेला अमेरिकन चित्रपट, 'देम!', १९५४ सालचा आहे. पहिली अणुचाचणी १९४५ मध्ये न्यू मेक्सिकोच्या वाळवंटात झाली होती. त्याच वाळवंटात किरणोत्सारामुळे माणसाहून मोठ्या झालेल्या मुंग्या हा चित्रपट दाखवतो. अणुयुगाची भीती म्हणून त्या मुंग्या फार अर्थपूर्ण आहेत, आणि केवळ विज्ञानाच्या चुका काढून तो चित्रपट निकालात काढावा असे मला मुळीच वाटत नाही.

तरीही त्या मुंगीचे काय होईल हे सांगणे भाग आहे. चालताना मुंगी एका वेळी तीन पाय टेकते आणि तीन उचलते. त्या तीन काटकुळ्या पायांवर येणारा दाब मूळच्या ३०० पट झाल्यावर कवच वाकून फुटेल. श्वसनाची अडचण याहून बिकट आहे. मुंगीला फुप्फुसे नसतात. तिच्या अंगावर श्वासरंध्रे असतात आणि त्यांतून निघणाऱ्या बारीक नलिका हवा थेट पेशींपर्यंत पोचवतात. काही मिलिमीटरांच्या अंतरात प्राणवायू नुसता पसरत जाऊन काम भागते. मीटरभर अंतरात तो वेळेवर पोचणार नाही. शिवाय कोषातून नुकतीच बाहेर पडलेली मुंगी फिकट आणि मऊ असते, तिचे कवच कडक व्हायला वेळ लागतो. शंभराहून अधिक किलोंचा असा मऊ जीव स्वतःच्याच भाराने चपटा होईल.

पूर्वी पृथ्वीवर प्रचंड कीटक होते, मग प्रचंड मुंग्या का नसाव्यात?

सुमारे ३० कोटी वर्षांपूर्वी चतुरांच्या कुळाशी नाते सांगणारे, पंखांचा विस्तार ६५ ते ७० सेंटिमीटर असलेले कीटक होते. त्या काळी हवेतील प्राणवायूचे प्रमाण आजच्या २१ टक्क्यांहून बरेच जास्त होते, हे त्याचे एक कारण मानले जाते. त्या काळी मुंग्या मात्र नव्हत्याच. त्या कितीतरी नंतर आल्या. आतापर्यंत सापडलेल्या सर्वात मोठ्या मुंग्यांपैकी एकीचा जीवाश्म अमेरिकेतील वायोमिंग राज्यातील सुमारे ५ कोटी वर्षांपूर्वीच्या खडकांत मिळाला आणि २०११ मध्ये तिचे वर्णन प्रसिद्ध झाले. ती राणी मुंगी ५ सेंटिमीटरांहून थोडी अधिक लांब होती, साधारण एखाद्या छोट्या पक्ष्याच्या धडाएवढी. मुंगीसाठी ही मजल थक्क करणारी आहे, परंतु चित्रपटातील मुंगीपासून ती फार दूर आहे.

माणूस मुंगीएवढा झाला तर त्याचे बळ टिकेल का?

या प्रश्नामागे बहुधा मार्व्हलच्या चित्रकथांतील अँट-मॅन असतो. हे पात्र १९६२ मध्ये अवतरले. ते मुंगीएवढे लहान होते आणि त्याचे बळ मात्र पूर्ण माणसाचे राहते. याची दोन प्रकारे छाननी करता येते.

पहिला प्रकार असा की लहान होताना वजनही त्याच प्रमाणात घटते. १.८ मीटर उंचीचा, ७० किलो वजनाचा आणि स्वतःच्या वजनाइतके ओझे उचलणारा माणूस ३०० पटींनी लहान केला, तर त्याचे वजन २.६ मिलिग्रॅम होईल आणि तो सुमारे ७८० मिलिग्रॅम उचलील, म्हणजे स्वतःच्या वजनाच्या ३०० पट. आपल्या २० पट उचलणाऱ्या मुंगीला तो सहज हरवील! मुंगीचे बळ मांसात नाही, मापात आहे, याचा याहून स्पष्ट दाखला नाही. मात्र त्याची बुक्की ७८० मिलिग्रॅमच्याच तोलाची असेल. तिने कोणी माणूस आडवा होणार नाही.

दुसरा प्रकार असा की वजन ७० किलोच राहते. मग बुक्की जोरदार बसेल, पण बुक्की मारायला तो जमिनीवर उरणार नाही. उभ्या माणसाच्या तळव्यांखालचा दाब दर चौरस सेंटिमीटरला सुमारे २०० ग्रॅम असतो. तळवे ९० हजार पटींनी लहान झाले की तो १८ हजार किलो होईल. साधे बांधकामाचे पोलादही याच्या थोड्याशा भागाइतक्या दाबाने वाकते. फरशी, सिमेंट, मुरूम यांतून तो खिळ्यासारखा आत जाईल.

लहान होण्याचे आणखी दोन धोके कथांत क्वचितच येतात. जे. बी. एस. हाल्डेन या जीवशास्त्रज्ञाने १९२६ मध्ये प्राण्यांच्या आकारमानावर एक निबंध लिहिला. हाच हाल्डेन १९५७ मध्ये भारतात आला, भारतीय नागरिक झाला आणि १९६४ मध्ये भुवनेश्वर येथे वारला. त्याने दाखवून दिले की आंघोळ करून निघालेला माणूस अंगावर थोडेसे पाणी वागवतो, भिजलेला उंदीर जवळजवळ स्वतःच्या वजनाएवढे आणि भिजलेली माशी त्याहून कितीतरी पट. मुंगीएवढ्या माणसाला पाण्याचा एक थेंब हा सापळा ठरेल. दुसरा धोका थंडीचा आहे, कारण वजनाच्या मानाने त्वचेचे क्षेत्रफळ ३०० पट वाढल्यावर अंगातील ऊब क्षणात निघून जाईल.

मुंगीसारखे भिंतीवरून चालणे तरी माणसाला साधेल का?

नाही, आणि कारण तेच आहे. चिकटण्याचा जोर गादीच्या क्षेत्रफळावर अवलंबून असतो. केंब्रिजच्याच संशोधकांनी २०१६ मध्ये हिशेब मांडला, तेव्हा माणसाला पालीप्रमाणे भिंतीवर चढायचे तर त्याच्या शरीराचा सुमारे ४० टक्के पृष्ठभाग चिकट गाद्यांनी व्यापावा लागेल असे निघाले.

केवळ आकार लहान म्हणून मुंगी बलवान, तर मग तिचे स्वतःचे कर्तृत्व काहीच नाही का?

आहे, आणि कथांनी खरे तर तेथे पाहायला हवे होते. पॅरिस आणि जपानमधील ओकिनावा येथील संशोधकांनी २०२० मध्ये कामकरी मुंग्यांच्या छातीच्या भागाचे त्रिमितीय क्ष-किरण चित्रण प्रसिद्ध केले. उडणाऱ्या कीटकांत ही जागा बहुतांशी पंखांच्या स्नायूंनी भरलेली असते. कामकरी मुंगीला पंख नसतात. ती मोकळी झालेली जागा मान उचलणाऱ्या आणि पाय चालवणाऱ्या स्नायूंनी घेतलेली आढळली. राणीला पंख असतात, कामकरी मुंगीला नसतात, एवढेच आपण शिकतो. पंख गेल्यावर रिकाम्या जागेत ओझे वाहणारे शरीर घडले, हे मला या विषयातील सर्वात सुंदर सत्य वाटते.

काही मुंग्यांचा जबडा बंदुकीच्या गोळीसारखा मिटतो म्हणतात. ते बळच नव्हे का?

ते साठवलेले बळ आहे. सापळ्यासारखा जबडा असलेल्या, मध्य आणि दक्षिण अमेरिकेतील एका जातीत जबडा मिटण्याचा वेग सेकंदाला ३५ ते ६४ मीटर मोजला गेला (२००६), आणि ड्रॅक्युला मुंगी या नावाने ओळखल्या जाणाऱ्या जातीत सेकंदाला ९० मीटर (२०१८). कोणताही स्नायू थेट इतक्या वेगाने आकुंचन पावत नाही. स्नायू सावकाश ताण भरतो, कळ तो अडवून धरते आणि मग एकदम सोडते. धनुष्यात नेमके हेच घडते.

मुंगी हा जगातील सर्वात बलवान प्राणी आहे का?

नाही. २०१० मध्ये मोजल्या गेलेल्या एका शेणकिड्याने स्वतःच्या वजनाच्या १,१४१ पट ओढ दिली, आणि मातीत राहणाऱ्या एका कोळीवर्गीय सूक्ष्म जीवाने ११८० पट ताण पेलल्याची नोंद २००७ मधील आहे. हेही आकडे ओढण्याचे आणि धरून राहण्याचे आहेत.

पुष्कळ मुंग्या एकत्र आल्या तर बळ त्या पटीत वाढते का?

बळ वाढते, पण ते एका दिशेला लागले तरच उपयोगी पडते. आपल्या घरांतही दिसणारी, लांब पायांची आणि सैरावैरा धावणारी काळी मुंगी घेऊन इस्रायलमधील वाइझमन संस्थेने २०१५ मध्ये केलेला अभ्यास या दृष्टीने वाचनीय आहे. पुढच्या बाजूच्या मुंग्या ओढतात आणि मागच्या भार थोडा उचलून घर्षण कमी करतात. मध्येच घराची वाट माहीत असलेली एखादी नवी मुंगी येऊन भाराला लागते, काही सेकंद दिशा बदलवते आणि मग तीही इतरांतलीच एक होते. नेता असा कोणी नसतो. कथेतील मुंग्यांच्या सैन्याला मात्र नेहमी सेनापती असतो.

संत मुक्ताबाईंच्या अभंगातील सूर्य गिळणारी मुंगी हीसुद्धा अतिशयोक्तीच नव्हे का?

नाही. तो कूट अभंग आहे आणि त्यातील अशक्य गोष्टी जाणूनबुजून अशक्य आहेत. त्यांचा रोख आत्मानुभवाकडे आहे. मुंगी क्षुद्र आहे हे ऐकणाऱ्याला पक्के ठाऊक असते, म्हणूनच ती प्रतिमा उभी राहते. विज्ञानाचा आधार सांगून चुकीचा आकडा देणाऱ्या कथेशी तिची तुलना करू नये.

विद्यार्थ्यांना घरी किंवा शाळेत हे मोजता येईल का?

येईल, आणि त्यासाठी एकाही मुंगीला इजा करावी लागत नाही. सोनाराकडे असतो तसा नाजूक काटा मिळवावा. तांदळाचा एक दाणा त्यावर नीट तोलला जात नाही, म्हणून १०० दाणे मोजून एकत्र तोलावेत आणि वजनाला १०० ने भागावे. मध्यम दाणा साधारण २० मिलिग्रॅमचा भरतो. मग अख्खे दाणे, अर्धे दाणे आणि कण्या मुंगळ्यांच्या वाटेवर ठेवून कोणता तुकडा उचलला जातो, कोणता ओढला जातो आणि कोणता सोडून दिला जातो, याची तीन रकान्यांत नोंद करावी. मुंगळा दाणा टोकाशी धरतो, डोके वर करतो, तोल पुढे जाऊ लागला की मागे सरतो आणि पुन्हा वेगळ्या जागी पकड घेतो. ही धडपड जवळून पाहिली की मानेच्या त्या सांध्यावर काय येते याची कल्पना येते. दाण्याबरोबर तो बिळाच्या तोंडाशी पोचला की अधिक लक्ष द्यावे. तेथे तो पुष्कळदा दाणा खाली ठेवतो, वळतो आणि उलट्या पावलांनी तो आत खेचू लागतो. त्या क्षणापासून नोंद दुसऱ्या रकान्यात करावी.